वाटाड्या : शास्त्रातील एका शब्दाचा विचार



उपासना आटोपून मंडळी बाहेर पडू लागली म्हणजे दाराशी कोणी ना कोणी पाळकासाठी थांबलेले असते. मुलीला स्थळ आले आहे, द्यावे की नाही? भावाने बांध कोरला आहे, कचेरीत जावे की सोसावे? मुलाला सोलापुरास शिकावयास ठेवावे की शेतात घ्यावे? आणि प्रश्नाच्या शेवटी बहुधा एकच वाक्य येते, "पाळकसाहेब, तुम्ही सांगाल तसे करतो." हे वाक्य कानांस गोड लागते. परंतु त्याच्या पोटात एक कठीण प्रश्न आहे. एका मनुष्याने दुसऱ्याच्या आत्म्यास वाट दाखवावी, हे कितपत योग्य? दाखवावी तर कोठवर? आणि वाट दाखविणारा मिळाला म्हणजे चालणाऱ्याची स्वतःची जबाबदारी संपते काय?

गुरूवाचून गती नाही, असे ह्या देशात आपण लहानपणापासून ऐकत आलो. उलटपक्षी, प्रत्येक विश्वासणाऱ्यास ख्रिस्ताच्या द्वारे देवाजवळ जाण्यास मोकळीक आहे, असे शास्त्राने आपल्याला शिकविले. ह्या दोहोंच्या मध्ये खेड्यातला उपदेशक उभा आहे. तो गुरू नव्हे, हे त्यास ठाऊक असते. मग तो कोण आहे? नव्या करारात ह्या कामासाठी एक साधा, धुळीने माखलेला शब्द आहे. त्याचा अर्थ नीट पाहिला, तर माझ्या मते प्रश्नाचे उत्तर त्यातच सापडते.

तो ग्रीक शब्द 'होदेगोस'. 'होदोस' म्हणजे वाट. शब्दाच्या दुसऱ्या अंगाचा अर्थ पुढे होऊन नेणे. जो वाटेने पुढे चालून दुसऱ्यास नेतो तो होदेगोस, आणि त्याच्या ह्या नेण्यास क्रियापद आहे 'होदेगेओ'. नव्या करारात हे नाम पाच वेळा व हे क्रियापद पाच वेळा आले आहे. भाषांतरात जागेप्रमाणे शब्द बदलतात, म्हणून मुळात ते एकाच कुळातले आहेत, हे वाचकाच्या ध्यानात सहसा येत नाही.

ह्यास आपण सभ्य भाषेत 'मार्गदर्शक' म्हणतो. शब्द चांगला आहे, पण त्यात एक उणीव आहे. मार्गदर्शक म्हणजे मार्ग दाखविणारा, आणि मार्ग दाखविणे हे ओट्यावर बसूनही होते. बोट लांब केले आणि "असे सरळ जा, पुढे वडापासून डावीकडे वळा" असे म्हटले, की काम झाले. आता तर खिशातले यंत्रही वाट सांगते. परंतु यंत्राच्या पायात काटा मोडत नाही. होदेगोस जो आहे तो उठतो, वहाणा घालतो आणि पुढे चालू लागतो. त्यास आपल्या खेड्यातला खरा शब्द 'वाटाड्या' हा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील आंधळे वाटाडे आपल्या परिचयाचेच आहेत. खेड्यातल्या साध्या बायामाणसांस समजावे म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरविण्यासाठी अनेक वर्षे कष्ट केले. 1922 साली त्या प्रभूजवळ गेल्या आणि 1924 साली ते बायबल प्रसिद्ध झाले. त्यांचा धडा ध्यानी धरून आपणही येथे साधाच शब्द घेऊ.

वाटाड्या म्हणजे कोण, हे आपल्यापैकी पुष्कळांस पुस्तकातून शिकावयास नको. ते आपल्या आजोबापणजोबांचे काम होते. गावात सरकारी कामगार आला, पांथस्थ आला, रात्र पडली आणि पुढच्या गावास जावयाचे असले, तर महारवाड्यात हाक जाई. वतनाच्या चाकरीतील हे एक काम होते. हाक येताच निघावे, पुढे चालावे, पुढच्या गावच्या शिवेवर पाहुण्यास तेथल्या माणसाच्या हवाली करावे आणि अंधारात एकट्याने परत यावे. ओढ्याला पाणी किती, हे पहिल्याने त्याच्या पायांस कळे. साप असला तर पहिला पाय त्याचा. आणि ज्यास त्याने सुखरूप नेले, तो वाडा आल्यावर आत जाई. वाटाड्या बाहेर राही. 1874 च्या वतनी कायद्याने ह्या चाकरीस सरकारी बंधन दिले. डॉक्टर आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. शेवटी 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने नाहीशी करण्यात आली.

वेठ ती वेठच. तिला पवित्र म्हणण्याचा माझा हेतू नाही. ती गेली हे बरे झाले. परंतु एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रभूने आपल्या शिष्यांस पवित्र आत्म्याविषयी सांगताना, तो येऊन त्यांस सर्व सत्यात नेईल असे वचन दिले, तेथे हेच क्रियापद आहे (योहान 16:13). राजाच्या, पंडिताच्या किंवा न्यायाधीशाच्या कामाचा शब्द तेथे घातलेला नाही. वाटाड्याच्या कामाचा घातला आहे. जे काम गाव तुच्छ मानीत होता, त्याच कामाचे नाव देवाच्या आत्म्याच्या कामास शोभले. म्हणून ज्याचा आजोबा वाटाड्या होता त्याने लाजू नये. आणि जो आज लोकांचा आध्यात्मिक पुढारी म्हणवितो त्याने फुगू नये.

आता हा शब्द शास्त्रात कोठे कोठे आला आहे ते पाहू. पहिल्याने वाईट वाटाडे.

परूशांस प्रभूने आंधळे वाटाडे म्हटले (मत्तय 15:14, 23:16 व 24), आणि आंधळ्याने आंधळ्यास नेले तर दोघेही खाचेत पडतात, हा दाखला लूकनेही दिला आहे (लूक 6:39). रोमकरांस लिहिताना पौलही हाच शब्द घेतो. नियमशास्त्र हाती आहे म्हणून स्वतःस आंधळ्यांचा वाटाड्या समजणाऱ्यास, तू दुसऱ्यास शिकवितोस तर स्वतःस का शिकवीत नाहीस, असे तो विचारतो (रोमकरांस 2:19 व पुढे). ध्यानात घ्या, परूशी अडाणी नव्हते. शास्त्र त्यांस मुखोद्गत होते. त्यांचा अंधळेपणा अक्षरांचा नव्हता. ज्या वाटेवर ते लोकांस घालीत, त्या वाटेवर त्यांचे स्वतःचे पाऊल नव्हते.

दुसरे ठिकाण अधिक भयंकर आहे. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र यहूदा इस्कर्योताविषयी सांगतो की, येशूस धरणाऱ्यांचा तो होदेगोस झाला (1:16). यहूदास वाट ठाऊक होती. तो बागेत प्रभूबरोबर पुष्कळदा गेला होता. तो पुढेही चालला. मागे कंदील व मशाली होत्या. म्हणजे वाटेची माहिती आहे आणि पुढे चालण्याची तयारीही आहे, एवढ्याने वाटाड्या चांगला ठरत नाही. तो कोणाच्या लाभासाठी चालतो आहे, हेही पाहावे लागते. जो पाळक आपल्या नावासाठी, निवडणुकीतल्या मतांसाठी किंवा मिळकतीसाठी मंडळीस एका बाजूस नेतो, त्याने हे वचन रात्री एकांतात वाचावे.

आता चांगले वाटाडे. कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या वाटेने रथात बसून यशया वाचीत चालला आहे. तुला हे समजते काय, असे फिलिप्प विचारतो. तेव्हा कोणी वाटाड्या झाल्याशिवाय कसे समजणार, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. येथेही तेच क्रियापद आहे (8:31). फिलिप्पाने काय केले? तो धावला. रथात चढून त्याच्या शेजारी बसला. स्वतःचा ठरलेला उपदेश त्याने काढला नाही. तो मनुष्य जे वचन वाचीत होता तेथूनच सुरुवात केली. पाणी लागले तेव्हा बाप्तिस्म्याची गोष्ट खजिनदाराने स्वतः काढली. आणि पाण्यातून वर आल्यावर आत्म्याने फिलिप्पास नेले. खजिनदारास तो पुन्हा दिसला नाही. तरी तो आनंद करीत आपल्या वाटेने गेला. ग्रीकात तेथे 'होदोस' हाच शब्द आहे. वाटाड्या गेला, वाट राहिली. जो शिष्य आपल्यावाचून एक पाऊल टाकू शकत नाही, त्याचा अभिमान बाळगणारा उपदेशक फिलिप्पाच्या शाळेतला नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही असाच एक प्रसंग घडला. 1893 साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास चालले असता डब्यातील एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी धर्मासंबंधाने बोलणे केले आणि नवा करार त्यांच्या हाती दिला. तो गृहस्थ कोण, हे टिळकांस कळले नाही. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाने शिष्य म्हणून टिळकांची नोंद कोठे केली नाही. त्याने एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत सोबत केली आणि तो निघून गेला.

आता मला माझी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. कारण हा शब्द मी सेमिनरीत शिकलो, पण समजलो पुष्कळ पुढे. 2012 साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात पावसाने दडी मारली. विहिरी आटल्या, कडबा सोन्याच्या मोलाने विकू लागला. मंडळीतला एक शेतकरी माझ्या ओसरीवर आला. त्याच्याजवळ बैलांची एक जोडी होती. "साहेब, विकू का ठेवू?" एवढेच त्याने विचारले. मी खुर्चीवर होतो, तो पायरीवर. त्याच्याकडे कडबा किती, कर्ज किती, हे मी विचारले नाही. मी म्हणालो, "विश्वास धरा, विकू नका. देव पाऊस देईल." आणि एलीयाची गोष्ट सांगून मी प्रार्थना केली. त्याने जोडी ठेवली. उन्हाळ्यात एक बैल त्याने निम्म्या किमतीस विकला, दुसरा दावणीलाच मेला. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त एके दिवशी म्हणाला, "तुम्ही सांगितलं म्हणून ठेवली होती." त्या वाक्याने माझी झोप गेली. माझा पगार त्या दुष्काळातही महिन्याच्या महिन्याला येत होता. माझ्या दावणीला बैल नव्हता. ज्या वाटेवर मी त्यास घातले, तिच्यावर माझा पाय नव्हताच. आणि माझ्या अंदाजास मी देवाचे नाव दिले होते. आंधळे वाटाडे दुसरे कोण?

बंधूंनो, मी देवावर विश्वास ठेवावयास सांगितले हे चुकले नाही. परंतु दुसऱ्याच्या बैलांवर विश्वास ठेवणे सोपे असते.

ह्या पापातून मला त्याच शब्दाने सोडविले. जुन्या कराराचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, त्यात निर्गमाच्या तेराव्या अध्यायात हेच क्रियापद सापडते. पलिष्ट्यांच्या देशातली वाट जवळची होती, तरी देवाने इस्राएलास त्या वाटेने नेले नाही. लढाई पाहून लोक मागे फिरतील, हे त्याने जाणले (13:17). देव वाट जाणतो, तसाच चालणाऱ्याचे पायही जाणतो. आपण आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर ह्या मार्गाने वाखरीकडे जाणारे पालखीबरोबरचे लोक पाहतो. ठरलेल्या मुक्कामांनी, म्हाताऱ्यांस व लेकुरवाळ्यांस सांभाळीत ते चालतात. मग ख्रिस्ताच्या मंडळीतल्या वाटाड्याने दुर्बळाचे पाऊल का मोजू नये? आणि प्रकटीकरणात तर आणखी नवल आहे. सिंहासनाच्या मध्यभागी असलेला कोकरा आपल्या लोकांस जीवनाच्या पाण्याच्या झऱ्यांकडे नेईल, तेथेही हाच शब्द आहे (7:17). मेंढरांस पाण्यावर नेणारा स्वतः कोकरा आहे. तहान काय असते, हे त्यास वधस्तंभावर कळले आहे.

ह्यावरून वाट दाखविणाऱ्यांसाठी मी तीन गोष्टी मांडतो.

पहिली, जेथे आपले पाऊल पडले नाही तेथे दुसऱ्यास धाडू नये. कर्ज फेडण्याचा उपदेश करणाऱ्याने दुकानदाराची आपली उधारी आधी फेडावी. भावाशी समेट करा म्हणणाऱ्याने आपल्या भावाच्या दारी आधी जावे. आणि ज्या वाटेने आपल्याला जाता येतच नाही, तेथे "मला ठाऊक नाही, पण मी सोबत येतो" असे म्हणण्यास लाजू नये.

दुसरी, आपली शीव ओळखावी. जुना वाटाड्या शिवेवर थांबे. मनुष्याच्या अंतःकरणात एक शीव आहे, तिच्यापुढे देवाच्या आत्म्याचीच वाट आहे. शास्त्र काय म्हणते ते सांगावे, धोका दिसत असेल तर स्पष्ट बोलावे. पण शेवटचा होकार किंवा नकार ज्याचा त्यास देऊ द्यावा. वाट चालावी लागते ती आपापल्या पायांनी. "तुम्ही सांगाल तसे करतो" म्हणणारा पुष्कळदा आज्ञाधारक नसून विचाराचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवीत असतो, आणि ते ओझे घेणारा पाळक त्याच्यावर उपकार करीत नाही.

तिसरी, ज्यास नेले त्याच्याबरोबर आत जावे. मंगळवेढ्याचा चोखामेळा पंढरीची वाट जन्मभर चालला, पण देवळाचा उंबरठा त्यास ओलांडता आला नाही. त्याची समाधी महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते दार अस्पृश्यांस उघडले. दुसऱ्यांच्या दाराविषयी बोलून आपण थांबू नये. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या आपल्या मंडळ्यांत सोयरिकीच्या वेळी जुनी जात विचारली जात नाही काय? पवित्र आत्मा जो वाटाड्या आहे तो कोणास वेशीवर सोडून जात नाही. योहानाच्या त्या वचनात काही जुन्या हस्तलिखितांत 'सत्याकडे' नेईल अशा अर्थाचे शब्द आहेत, काहींत 'सत्यामध्ये' चालवील अशा अर्थाचे. दोन्ही खरे आहेत. तो दारापर्यंत आणतो आणि आतही आपला हात सोडीत नाही. आणि ज्या प्रभूने, वाट मीच आहे, असे सांगितले (योहान 14:6), त्याच्या वाटेत नेणारा व नेला जाणारा एकाच दाराने आत जातात.

येथे कोणी म्हणेल, आत्माच वाटाड्या आहे तर मनुष्याची गरज काय? मी कोणाचे ऐकणार नाही. आत्मा मला सांगेल तसे मी करीन. हा दुसऱ्या टोकाचा खड्डा आहे. प्रभूने ते वचन दिले तेव्हा एका शिष्यास उद्देशून दिले नाही. ग्रीकात तेथे 'तुम्हांस' हे बहुवचन आहे. आत्मा मंडळीस मिळून नेतो. तुमच्या मुखाने मला सावध करतो, माझ्या मुखाने तुम्हांस. त्या खजिनदाराच्या हाती शास्त्राची गुंडाळी होती, पदरी विद्या होती, तरी वाटेत भेटलेल्या पायी मनुष्यास रथात घेण्यास तो लाजला नाही.

त्या शेतकऱ्याची पुढची हकीकत सांगून हा लेख संपवितो. 2015 साली पुन्हा पाऊस गेला. तोवर त्याने उसनवारीने पुन्हा एक जोडी उभी केली होती. ह्या खेपेस तो माझ्याकडे आला नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मी त्याच्या घरी गेलो. मंडळीचे दोन पंच बरोबर घेतले. गोठ्यापुढे घोंगडीवर बसून आम्ही कडब्याच्या पेंढ्या मोजल्या, कर्जाचा आकडा ऐकला, छावणीचे अंतर पाहिले. प्रार्थना केली. मग मी गप्प राहिलो. बराच वेळ गेला. शेवटी तो आपण होऊन म्हणाला, "एक विकतो, एक ठेवतो. बाजाराला चला." पहाटे आम्ही निघालो. अर्धी वाट कासरा त्याच्या हातात होता, अर्धी माझ्या. निर्णय बरोबर होता की चूक, हे अजूनही मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी वहाणेत खडा गेला, आणि होदेगोस ह्या शब्दाचा अर्थ मला तेथे कळला.

प्रभूने आपणा सर्वांस आपल्या आत्म्याच्या मागे चालण्यास पाय द्यावेत, आणि दुसऱ्याच्या पुढे चालताना नम्र मन द्यावे. आमेन.